नॉटबाई

गेटातून आत आल्या की माणिकबाई पारकर पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या, व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्याकडे एकदा बघायच्या आणि खाली स्टुलावर बसलेल्या रामचंद्र शिपायाला विचारायच्या, "हॅजन्ट द बेल रंग?"

घंटा झाली नाही का, एवढाच प्रश्न. ती झालेली नसायचीच. माणिकबाई उशिरा आल्याचं शाळेत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"येस बाई," रामचंद्र म्हणायचा.

"येस? झाली? मग ही पोरं मैदानात काय करतायत?"

"झाली नाय म्हणून तर येस म्हटलं."

"झाली नसेल तर नो म्हणायचं. नो, इट हॅजन्ट."

"तुम्ही म्हणता झाली नाय. मी म्हणतो बरोबर. बरोबरला नो कसं म्हणायचं? आमच्याकडं बरोबरला हो म्हणतात."

"तुमच्याकडं म्हणजे कुठं? मी काय विलायतेहून आले?"

मैदानातली मुलं खेळ थांबवून ऐकायची. रामचंद्र उठायचा, हातोडी घ्यायचा आणि बाई अजून बोलत असतानाच रुळावर असा काही टोला हाणायचा की पुढचं वाक्य त्या आवाजात बुडून जायचं. वेळ झालेली असायची, त्यामुळे बाईंना काही म्हणता यायचं नाही. त्या दात आवळून वर्गाकडे चालू लागायच्या. दिवसाची सुरुवात अशी व्हायची, आणि पुढचा दिवस काही फार गोड जायचा असं नाही.

शाळा कांदिवलीच्या पश्चिमेला, चारकोपच्या रस्त्यावर. सकाळी मराठी विभाग, दुपारी त्याच बाकांवर इंग्रजी विभाग. एकोणीसशे त्र्याऐंशीपासून दुपारच्या तुकड्या वाढत होत्या आणि सकाळच्या आटत होत्या. खाडीकडून येणाऱ्या खारट वाऱ्याने खिडक्यांचे गज सोलवटले होते. पलीकडे सेक्टरांची नवी घरं उठत होती. रेतीचे ढीग, विटांचे ढीग, आणि त्यांच्यामध्ये उगाच फिरणारी कुत्री.

माणिकबाई सकाळी दहावीला इंग्रजी शिकवायच्या. वाक्यं बदलायचा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. साधं विधान द्यायचं आणि त्याचा नकारार्थी प्रश्न करायचा. 'तो माझा मित्र आहे' याचं 'तो माझा मित्र नाही का?' मराठीत पोरांना हे झोपेतही जमायचं. इंग्रजीत सगळी अडखळायची. निम्मा वर्ग लिहायचा, 'इज नॉट ही माय फ्रेंड?' आणि माणिकबाई ते वाक्य लाल पेनाने असं खोडायच्या की मागच्या पानावर वळ उठायचे.

"नॉटला बसायला जागा दोनच," त्या फळ्यावर खडू आपटत सांगायच्या. "एक तर आखडून क्रियापदाच्या शेपटीला चिकटायचं. इजन्ट ही. नाही तर सुटं व्हायचं आणि मुकाट्यानं कर्त्याच्या मागं जाऊन बसायचं. इज ही नॉट. सुटंही राहायचं आणि पुढंही घुसायचं, असं चालणार नाही. रेशनच्या रांगेत चालतं का? मग इथं कसं चालेल?"

मुलांनी त्यांचं नाव 'नॉटबाई' ठेवलं होतं. ते रामचंद्रनेच पसरवलं, याची त्यांना खात्री होती.

व्याकरणातला हाच एक भाग त्यांना मनापासून आवडायचा. साधा प्रश्न माणसापुढे दोन वाटा ठेवतो. नकारार्थी प्रश्न त्यातल्या एका वाटेवर आधीच काटे टाकून ठेवतो आणि मग साळसूदपणे विचारतो, कुठून जाणार? त्यांच्या बोलण्याचा ढंगच तो होता. वाण्याला, रिक्षावाल्याला, घरात भावजयीला त्या कधी सरळ काही विचारायच्या नाहीत. "भात लावला नाहीस का?" "दिवा घालवता येत नाही का?" समोरचा उत्तर देण्याआधीच गुन्हेगार झालेला असायचा.

रामचंद्र धुरीवरचा राग मात्र व्याकरणातून आलेला नव्हता.

त्यांचा धाकटा भाऊ राजाराम गिरणीत होता. ब्याऐंशीचा संप झाला आणि पुढे गिरणीचा भोंगा राजारामसाठी पुन्हा वाजलाच नाही. डहाणूकरवाडीतल्या चाळीत दोन खोल्या, त्यात माणिकबाई, राजाराम आणि त्याची बायको पार्वती. राजाराम दिवसभर दारात बसून समोरची भिंत बघायचा. शाळेत शिपायाची जागा निघाली तेव्हा माणिकबाईंनी संस्थेच्या सेक्रेटरींकडे, भाऊरावांकडे, भावासाठी शब्द टाकला. आयुष्यात त्यांनी कुणापुढे वाकून मागितलेली ती एकच गोष्ट. जागा मिळाली रामचंद्रला. तोही गिरणीतूनच सुटलेला, तोही मालवणकडचा, पण त्याचा कुणी मामा भाऊरावांच्या बिल्डिंगमध्ये राहत होता.

राजारामच्या स्टुलावर रोज सकाळी रामचंद्र बसलेला दिसायचा. माणिकबाईंच्या प्रश्नात रोज जी धार असायची ती इथली होती. रामचंद्रला ते माहीत होतं. त्यानेही कधी माघार घेतली नाही. बाईंच्या तासाला खडूचा डबा नेमका रिकामा निघायचा, त्यांचा चहा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात गार यायचा.

शहाऐंशी साल संपता संपता एका दुपारी इंग्रजी विभागाच्या बालवर्गातली एक मुलगी गेटातून बाहेर पडली. अर्ध्या तासाने ती सेक्टरच्या रस्त्यावर रेतीच्या ढिगावर सापडली. शंखशिंपले वेचत निवांत बसली होती. तिला काही झालं नव्हतं. पण मधल्या अर्ध्या तासात तिच्या आईने जो आकांत केला, तो सगळ्या चारकोपने ऐकला. गेट उघडं राहिलं कसं? रामचंद्रचं म्हणणं, मी लावलं होतं आणि स्टुलावरच बसलो होतो. बाकं घेऊन आलेला टेम्पो परत गेला तो मैदानामागच्या दुसऱ्या गेटातून, ते त्यानेच उघडं टाकलं असेल. टेम्पोवाला सापडेना. पालक म्हणाले, शिपायाला काढा. भाऊरावांनी चौकशी लावली.

त्या संध्याकाळी डहाणूकरवाडीत बऱ्याच दिवसांनी राजाराम आपणहून बोलला.

"ताय, तो गेलो तर जागा रिकामी होतली ना?"

"होईल."

"भाऊराव काय म्हणतत?"

भाऊराव त्या दुपारी जिन्यात भेटले होते. आवाज खाली करून म्हणाले होते, "माणिकबाई, मागच्या वेळी तुमचं काम झालं नाही, मला आठवतंय. या वेळी बघू." माणिकबाईंनी ते घरी जसंच्या तसं सांगितलं.

राजारामने दाढी केली. पार्वतीने कुणी न सांगता त्याचा पांढरा शर्ट काढला आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री करायला बसली. माणिकबाई बघत राहिल्या. त्या घरात इतकी शांत संध्याकाळ कित्येक महिन्यांत आली नव्हती.

चौकशी शनिवारी दुपारी, ऑफिसच्या खोलीत. भाऊराव मधल्या खुर्चीत. एका बाजूला इंग्रजी विभागाच्या मुख्याध्यापिका, दुसऱ्या बाजूला त्या मुलीचे वडील. टेबलाच्या टोकाला माणिकबाई, प्रश्नोत्तरं लिहून घ्यायला. शाळेत शुद्ध इंग्रजी लिहिण्याच्या बाबतीत त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणावर भाऊरावांचा भरवसा नव्हता. रामचंद्र समोर उभा. युनिफॉर्मचं वरचं बटण लावलेलं, त्यामुळे मान ताठ.

"काम इंग्लिशमधून चालेल," भाऊराव म्हणाले. ते कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि वकिलांची इंग्रजी ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. "इंग्लिश विभागाची बाब आहे. समजतं ना तुला इंग्लिश?"

"समजतं सायेब," रामचंद्र म्हणाला. मग त्याने टेबलाच्या टोकाकडे एक तिरका कटाक्ष टाकला. "बाई रोज तास घेतात माझा."

मुख्याध्यापिका गालात हसल्या. माणिकबाई हसल्या नाहीत.

भाऊरावांनी घसा साफ केला. वकील साक्षीदाराला विचारतो तशा संथ, भारदस्त आवाजात, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "डिड यू नॉट लीव्ह द गेट ओपन?"

तू गेट उघडं टाकलं नव्हतंस का? टाकलंसच, असं त्या प्रश्नाच्या पोटात होतं. पण रामचंद्रच्या कानात शिरले ते मोजके शब्द: नॉट, गेट, ओपन. गेट उघडं नाही. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. साहेब आपल्याच बाजूने बोलत होते.

"येस सर," तो जोरात म्हणाला.

माणिकबाईंनी लिहिलं, येस सर.

"डिड यू नॉट लीव्ह युअर स्टूल?"

स्टूल सोडलं नाही. अगदी खरं. "येस सर!"

माणिकबाईंचं पेन चाललं, पण सावकाश.

"अँड डिड यू नॉट सी द चाइल्ड गो आउट?"

मुलीला बाहेर जाताना पाहिलं नाही. रामचंद्रने छातीवर हात ठेवला. "येस सर. गॉडशप्पत येस सर."

मुलीचे वडील खुर्चीतून उठले. "म्हणजे ह्यानं तिला जाताना बघितलं? आणि बसून राहिला?"

रामचंद्र त्यांच्याकडे वळून कृतज्ञतेने मान हलवत राहिला.

माणिकबाईंचं पेन तिसऱ्या येसवर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका फुगत होता. खोलीतल्या बाकीच्यांना एक गुन्हा कबूल होताना दिसत होता. त्यांना एकटीला दिसत होती, तीन वर्षं रोज सकाळी दिसलेली तीच ती चूक. बरोबरला नो कसं म्हणायचं? शब्दाला शब्द जुळत होता आणि अर्थ उलटा पडत होता.

आणि त्या गप्प बसू शकत होत्या. त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. लिहून घ्यायचं, एवढंच काम. घरी पांढरा शर्ट खुंटीला लावलेला होता.

रामचंद्रची त्यांना दया आली नाही. हे पुढे त्यांनी स्वतःशीही कधी नाकारलं नाही. त्यांना आली ती चीड. तीन वर्षं घसा कोरडा केला आणि हा शुंभ अजून तिथेच उभा होता, आणि त्याच्या धडधडीत चुकीच्या उत्तराला हे लोक पूर्ण मार्क देत होते. लाल पेन हातात असताना चुकीचं उत्तर पुढे जाऊ द्यायचं, हे माणिकबाईंच्या हाताला जमणारं नव्हतं.

"हे लिहिता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?" भाऊराव.

"त्याला प्रश्न कळलेला नाही. त्याच्या येसचा अर्थ नो आहे."

"येसचा अर्थ नो?" भाऊरावांनी चष्मा काढला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "माणिकबाई, विचार करून बोला. तुम्हालाच पुढं अवघड जाईल."

"मी दाखवते. रोज सकाळी हा चुकतो." त्या रामचंद्रकडे वळल्या. दुपारच्या सुट्टीची घंटा अजून व्हायची होती. "रामचंद्र, हॅजन्ट द बेल रंग?"

रामचंद्रने त्यांच्याकडे बघितलं. चार मोठ्या माणसांसमोर बाई आपल्याला अडाणी ठरवायला निघाल्या आहेत, एवढं त्याला चटकन कळलं. त्याने पाय जुळवले आणि स्पष्ट, घोटीव आवाजात उत्तर दिलं, "नो बाई. इट हॅजन्ट."



"वा," भाऊराव म्हणाले. "चांगलं समजतं की!"

माणिकबाईंच्या कानशिलांना आग लागली. म्हणजे ह्याला येत होतं. किती दिवसांपासून येत होतं, देव जाणे, आणि रोज सकाळी हा मुद्दाम येस म्हणून त्यांना मैदानभर पोरांसमोर नाचवत होता. आणि आज, नेमका आज, घोकलेलं उत्तर म्हणून दाखवून त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. हे एकच वाक्य त्याला येत होतं. त्यापलीकडचं एकही नाही. हे त्या शपथेवर सांगू शकत होत्या. पण त्यांच्या शपथेला कोण विचारतो?

नवं वाक्य हवं होतं. न घोकलेलं. शब्द त्याला माहीत असलेले. आणि नॉट सुटं, कर्त्याच्या मागे, स्वच्छ ऐकू येईल असं.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"रामचंद्र. आर यू नॉट अ डाँकी?"

डाँकी त्याला माहीत होतं. बालवर्गाच्या भिंतीवर तक्ता लावलेला होता आणि तो त्यानेच ठोकला होता. बाई म्हणत होत्या, तू गाढव नाहीस. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा काहीतरी बरं बोलत होत्या. रामचंद्रची मान आणखी ताठ झाली.

"येस बाई!" तो म्हणाला. "येस!"

आधी मुख्याध्यापिका हसल्या, मग मुलीचे वडील, मग स्वतः भाऊराव, खुर्ची करकरेपर्यंत. रामचंद्र एकेका तोंडाकडे बघत गेला. हसणं त्याच्यापर्यंत पोचलं, मग त्याचा अर्थ पोचला. त्याचा चेहरा हळूहळू काळवंडला आणि मग दगडासारखा झाला.

"आता मराठीत विचारा," माणिकबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. तीनही येस त्यांनी एकेका आडव्या रेघेने खोडले.

मराठीत विचारल्यावर दहा मिनिटांत निकाल लागला. मुख्याध्यापिकांना आठवलं की टेम्पो मैदानाकडून गेला होता. रामचंद्रला समज देऊन सोडण्यात आलं. जाता जाता भाऊराव माणिकबाईंना म्हणाले, "तुमच्या भावाचं आता काही माझ्या हातात राहिलं नाही, बरं का."

व्हरांड्यात रामचंद्र रुळाखाली उभा होता.

"बाई, माका चार माणसांत गाढव केलात."

"मी केलं नाही. तू कबूल झालास."

"नोकरी गेली असती तर परवडली असती."

"मग जा आत आणि सांग त्यांना. दार उघडं आहे."

तो गेला नाही. आभार मानायचाही प्रश्न नव्हता. ते त्यांनीही मागितले नसते.

घरी काय झालं हे पार्वतीला शेजारणीकडून आधीच कळलं होतं. शर्ट खुंटीवर नव्हता.

"तुका कोणी सांगितल्यान मध्ये बोलाक?" राजारामने विचारलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "तो तुझो कोण लागता? गप बसाक जमूक नाय?"

चूक होती म्हणून दुरुस्त केली, हे त्या दोन खोल्यांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. माणिकबाई फक्त म्हणाल्या, "त्यानं गेट उघडं टाकलं नव्हतं."

"आमच्या तोंडाक मात्र तुम्ही कुलूप घातलात, वन्सं," पार्वती म्हणाली.

होळीच्या आधी दोघं गावाला निघून गेली, ती परत आली नाहीत. निघताना पार्वती उंबऱ्यात थांबली. "आता ऱ्हवा एकट्या. नि विचारत बसा भिंतीक, भात लावलंस नाय काय म्हणान." राजारामने वळून बघितलं नाही.

शाळेत रामचंद्रने इंग्रजी टाकून दिलं. माणिकबाई सकाळी प्रश्न विचारतच राहिल्या. प्रश्न तोच, पर्सचा खांदा बदलणंही तेच. तो आता येसही म्हणायचा नाही आणि नोही म्हणायचा नाही. "घड्याळ बघा," म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. मुलांना आता यात गंमत उरली नव्हती, ती खेळत राहायची. दहावीच्या पोरांना मात्र कुठूनसं ते वाक्य कळलं होतं. वर्गात कुणी नॉट चुकीच्या जागी ठेवलं की मागच्या बाकावरून दबका आवाज यायचा, "आर यू नॉट अ डाँकी?" आणि चुकलेल्याच्या हातून ते पुन्हा कधी चुकायचं नाही. माणिकबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी ते अंगावर काढलं. एका सकाळी पाढे म्हणावेत तसं वर्गाकडून वाक्य म्हणवून घेताना त्यांनी फळ्याला हात टेकला आणि तो बराच वेळ काढला नाही. बोटांचे पाच ठसे खडूच्या धुळीत उमटले. मुलांनी जाऊन रामचंद्रला सांगितलं. तो रिक्षा घेऊन आला. दंडाला धरून त्याने त्यांना पायऱ्या उतरवल्या. त्याने गेट सताड उघडलं, त्यांना रिक्षात बसवलं, पर्स मांडीवर ठेवली आणि बाजूला झाला.

त्या इस्पितळातून परत आल्या नाहीत. तिथे नंतरचे दिवस त्या गुंगीतच होत्या.

त्या सकाळी गेटापाशी रिक्षावाला चावी फिरवत होता तेव्हा माणिकबाईंनी व्हरांड्यातल्या रुळाकडे बघितलं. मग रामचंद्रकडे.

"घंटा झाली नाही ना अजून?" त्यांनी विचारलं. साध्या मराठीत.

रामचंद्र जरा थांबला. यात कुठे खोच आहे का, हे तो शोधत असावा.

"हो बाई," तो म्हणाला.

"मग उभा काय राहिलास? गेट लाव."